डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस : गव्हाने उठणारे फोड आणि आपलं कोकणातलं स्वयंपाकघर

पेजभात

दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, बसायची जागा, पाठ आणि केसांतली त्वचा. या ठिकाणी डाव्या-उजव्या अंगाला सारखेच बारीक पाण्याचे फोड येत असतील, फोड दिसण्याआधी तिथे आग होऊन टोचत असेल, आणि खाज अशी की डॉक्टरला दाखवायला फोड शिल्लकच राहत नाही, नुसत्या खपल्या आणि काळे डाग, तर हा धागा जरूर वाचा.

आजाराचं नाव डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. पुढे नुसतं डीएच म्हणते. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ लुईस ड्युरिंग यांनी १८८४ साली त्याचं वर्णन केलं. हर्पिसच्या विषाणूशी, म्हणजे नागिणीशी, याचा काही संबंध नाही. फोड घोसाने येतात एवढंच साम्य. हा कुणापासून कुणाला लागत नाही. एका ताटात जेवा, एक टॉवेल वापरा, काही होत नाही. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण अंगावर फोड दिसले की आपल्याकडे माणसं लांब सरकून बसतात आणि ते फोडांपेक्षा जास्त लागतं.

दिसतो त्वचेवर, पण सुरू होतो आतड्यात. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. काही माणसांच्या शरीराला ते शत्रू वाटतं आणि ते आयजीए जातीची प्रतिपिंडं तयार करतं. ही प्रतिपिंडं शरीराच्याच ट्रान्सग्लुटामिनेज या विकरावर उलटतात. आतड्यात हे झालं की सीलिॲक आजार. तीच प्रतिपिंडं त्वचेच्या वरच्या थराखाली साचली की पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात आणि फोड उठतो. म्हणजे डीएच हे सीलिॲकचंच त्वचेवरचं रूप. डीएचच्या रुग्णांच्या आतड्यातही बिघाड असतो हे इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये दाखवलं. मात्र बहुतेकांना पोटाची तक्रार अशी काही नसतेच. मलाही नव्हती. त्यामुळे 'पोट साफ आहे ना, मग गव्हाचं काय घेऊन बसलात' हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.

मी गुहागरच्या बाजूला राहते. तिशी ओलांडल्यावर मला हे सुरू झालं. आधी खरूज म्हणून घरातल्या सगळ्यांनी रात्री मानेपासून पायापर्यंत मलम लावलं. मग नायटा झाला, मग पित्त, मग घामोळं, मग 'समुद्राकाठची दमट हवा सोसत नाही', आणि ते सांगायचं कुणाला, तर जिचा जन्म इथला तिला. पावसाळ्यात अंग सुकत नाही तेव्हा इथे खरंच घरोघरी नायटा असतो, त्यामुळे डॉक्टरांचंही लक्ष तिकडेच जातं. शिवाय हा आजार आपल्या भागात कमी बघायला मिळतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीलिॲकचं प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के आणि दक्षिण भारतात ०.१० टक्के आढळलं होतं. आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखीच होती, गहू खाण्याचं प्रमाण मात्र फार वेगळं. आपण भात खाणारे. पण माझ्या आजीच्या घरी पोळी सणावाराला व्हायची आणि आज माझ्या घरी मुलांच्या डब्यात रोज पोळी जाते, हेही खरं.

आता मुद्द्याचं. डॅप्सोनच्या गोळीने खाज थांबते, पण आजार थांबतो तो गहू थांबल्यानेच. गोळी दोन-तीन दिवसांत गुण देते. इतका पटकन की माणसाला वाटतं झालं, सुटलो. ती आतड्याला काही करत नाही. गोळी बंद केली आणि पोळी चालू ठेवली की फोड परत हजर. उलट नुसता गहू सोडला तर त्वचा निवळायला कित्येक महिने लागतात, काहींना दोन वर्षंही. म्हणून सुरुवातीला दोन्ही बरोबर चालवतात आणि पथ्य मुरत गेलं की डॉक्टर गोळी हळूहळू उतरवत नेतात.

पथ्य पाळणं कोकणात सोपं, असं सगळे म्हणतात. खरंच आहे ते. पेज, भात, तांदळाची आणि नाचणीची भाकरी, घावणे, आंबोळ्या, शिरवाळे, कुळथाची पिठी, उकडीचे मोदक, पातोळ्या, सोलकढी, फणसाची भाजी, यात गहू कुठेच नाही. बाकी कुठल्या मुलखात इतकं जेवण आयतं मिळेल? पण गहू उघडपणे येतो त्याहून जास्त लपून येतो.

मेतकूट घ्या. आजारी माणसाला आपण काय देतो? मऊभात, तूप, मेतकूट. त्या मेतकुटात हरभऱ्याची डाळ, उडीद आणि तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घातलेले असतात. मी पोळी, पाव, बिस्किटं सगळं बंद करून बसले होते आणि फोड येतच होते. अंगात कणकण आली की आई मऊभात-मेतकूट द्यायची. शेवटी आईला एकेक जिन्नस विचारत बसले तेव्हा ती बोटं मोजत 'आणि थोडे गहू' म्हणाली आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आता गहू वगळून करते, चवीत कुणाला फरक कळत नाही.

दुसरा हिंग. डबीतला बांधणीचा हिंग म्हणजे निव्वळ हिंग नव्हे. त्यात डिंक असतो आणि पुष्कळदा गव्हाचं पीठ किंवा मैदा. चिमूटभरच असतो, पण आमटीत, उसळीत, लोणच्यात, उडदाच्या पापडात, रोज. डबी फिरवून बारीक अक्षरं वाचा. तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो.

वड्यांचं पीठ तिसरं. कोंबडी-वड्यांचे वडे तांदळाचे, असं आपण म्हणतो, पण घरोघरी त्या पिठात थोडे गहू टाकायची रीत असते. थालिपिठाच्या भाजणीतही. विकतची नाचणीची बिस्किटं चौथी. पुढे नाचणीचं चित्र, आणि मागे घटकांत पहिला मैदा. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवापासून होतात, त्याही नाहीत चालत.

आणि गिरण. यावर सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण हे कुणीच सांगत नाही. गिरणीत आधीच्या माणसाचं दळण संपलं की लगेच पुढचं वरून ओततात. दोन दगडांच्या मध्ये आणि पीठ पडतं त्या तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीत आधीचं पीठ राहतंच. ती पिशवी हाताने झटकली की किती पीठ डब्यात पडतं ते एकदा उभं राहून बघा. तुमच्या आधी कुणी गहू दळला असेल, तर तुमच्या तांदळाच्या पिठात पहिली दोन-तीन भांडी गव्हाचीच भेसळ. 'ग्लुटेनमुक्त' म्हणायला आपल्या देशात किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. चमचाभर कणीक सांडली तरी किलोभर पीठ त्या मर्यादेच्या कुठल्या कुठे जातं. आम्ही शेवटी घरघंटी घेतली. तिच्यात फक्त तांदूळ, नाचणी, कुळीथ आणि डाळी. गव्हाचा दाणा तिच्यात पडत नाही, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही.

अजून बरंच आहे, प्रश्न येतील तसं लिहीत जाईन.

खाडीकाठ

ताई, वाचताना अंगावर काटा आला. माझ्या मिस्टरांचं अगदी असंच आहे. कोपरं आणि मागे बसायच्या जागी. रात्री उठून खाजवतात, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. खरजेचं औषध सगळ्या घराने लावून झालं. कुणीतरी सांगितलं म्हणून मागच्या आठवड्यापासून त्यांची पोळी बंद केली आहे. बरोबर केलं ना?

पेजभात

खाडीकाठ, चादरीचं वाचून कळलं किती हाल होत असतील. पण तपासणी होईपर्यंत पोळी परत सुरू करा. ग्लुटेन बंद केलं की रक्तातली प्रतिपिंडं उतरायला लागतात आणि तपासणी 'काही नाही' म्हणून येऊ शकते. मग पुढे निदान करायचं तर परत काही आठवडे गहू खायला लावतात, आणि एकदा आराम पडलेल्या माणसाला ते फार जड जातं. आठवडाच झालाय, अजून काही बिघडलेलं नाही. डॉक्टरांना मात्र सांगा की मध्ये इतके दिवस बंद होतं.

नमुना_क्रमांक

मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये आहे. बायोप्सीबद्दल लिहितो, कारण तिथे गोंधळ झालेले बघितले आहेत.

या आजारात दोन तुकडे घेतात. एक ताज्या फोडाचा, तो नेहमीसारखा फॉर्मालिनमध्ये. दुसरा फोडाच्या शेजारच्या, वरून चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा. निदान ठरतं ते या दुसऱ्यावर. फोड उठलेल्या जागेवर दाह इतका झालेला असतो की तिथलं आयजीए नाहीसं होऊ शकतं. या दुसऱ्या तुकड्याची डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी होते. डीएच असेल तर त्वचेच्या वरच्या थराखाली, बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकांना, हिरवट चमकणारे ठिपके दिसतात. तेच साचलेलं आयजीए.

हा दुसरा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला की तपासणीच्या कामाचा राहत नाही. त्याला मिशेलचं द्रावण लागतं. आमच्यासारख्या लहान गावांतून नमुना कोल्हापूर, गोवा, पुणे किंवा मुंबईला जातो, वाटेत दिवस जातात, म्हणून ते द्रावण आधी मागवून ठेवावं लागतं. डॉक्टरांना अगोदर विचारा: 'इम्युनोफ्लुरोसन्ससाठी वेगळा नमुना घेणार ना, आणि तो कशात पाठवणार?' विचारण्यात संकोच नको. चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

रक्ताची तपासणी टीटीजी-आयजीए, म्हणजे ट्रान्सग्लुटामिनेजवर उलटणारी ती आयजीए प्रतिपिंडं मोजणारी. तिच्याबरोबर एकूण आयजीएही करून घ्या. काहींच्या शरीरात मुळातच आयजीए कमी असतं, त्यांची टीटीजी खोटी 'नॉर्मल' येते.

पेजभात ताईंनी लिहिलंय त्यात एक भर. रक्तातली प्रतिपिंडं लवकर उतरतात, त्वचेतलं आयजीए मात्र पथ्य सुरू केल्यावरही खूप काळ, काहींमध्ये वर्षानुवर्षं राहतं. म्हणजे ज्यांनी आधीच गहू सोडलाय त्यांच्या बायोप्सीत उत्तर मिळायची शक्यता असतेच. पण गहू चालू असताना तपासणं केव्हाही खात्रीचं.

चाकरमानी_डोंबिवली

डॅप्सोनवर मीही आहे. निदान मुंबईला झालं, गाव कणकवलीच्या पलीकडे. गणपतीला गेलो असताना गोळ्या संपल्या. औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली तर काउंटरवरच्या माणसाने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, 'ही महारोगाची गोळी कुणासाठी?' मागे गावातले चार जण उभे होते. संध्याकाळच्या आरतीला आमच्या घरी नेहमीपेक्षा कमी माणसं होती. आई रात्रभर रडली.

गोळी कुष्ठरोगाच्या उपचारात असते हे खरंच आहे. पण तीच गोळी डीएचलाही देतात, आणि कुष्ठरोगही औषधाने पूर्ण बरा होतो, उपचार सुरू झाला की तो पसरतही नाही. त्या घरांनी तरी काय पाप केलंय, असं मला त्या दिवसापासून वाटत आलंय. दुसऱ्या दिवशी मी आरतीनंतर उभं राहून सगळ्यांना सांगितलं की मला काय झालंय, गोळी कशाची आहे. लोक ऐकतात. नीट सांगितलं की ऐकतात.

पेजभात

चाकरमानी दादा, तुम्ही उभं राहून सांगितलंत हे फार मोठं काम केलंत. आईंना माझा नमस्कार सांगा.

डॅप्सोन घेणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते. सुरू करण्यापूर्वी जी६पीडीची तपासणी झालीच पाहिजे. हे विकर ज्यांच्यात कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने मोठ्या प्रमाणात फुटतात. ज्यांच्यात ते नॉर्मल आहे त्यांचंही हिमोग्लोबिन थोडं उतरतं, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत वरचेवर आणि पुढे ठरावीक अंतराने रक्त तपासायचं. ओठ किंवा नखं निळसर दिसणं, जिना चढताना धाप लागणं, ताप येऊन घसा दुखणं, डोळे पिवळे होणं, ताप येऊन अंगभर नवीनच पुरळ उठणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पुरळ-तापाचा प्रकार बहुधा पहिल्या काही आठवड्यांत होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. कुणाच्या उरलेल्या गोळ्या कुणी घेऊ नयेत.

अंगदुखीला आयब्युप्रोफेन किंवा इंडोमेथासिन घेतल्यावर काहींचे फोड वाढतात, हेही डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा.

बांगडो_तिखलो

माका येकच सांगा. मासे बंद करूक लागतले काय? आमच्या डॉक्टरान सांगल्यान आयोडीन कमी कर, मीठ पण बदल. मी देवगडचो. माशाशिवाय माका घास उतरत नाय.

पेजभात

हा प्रश्न येणारच होता आणि कोकणात तो टाळून चालायचं नाही.

आयोडीनने डीएच होत नाही. पण आजार भडकलेला असताना आयोडीनने तो आणखी चेततो हे जुनं निरीक्षण आहे. एके काळी डॉक्टर पोटॅशियम आयोडाइड त्वचेवर लावून फोड येतो का ते बघायचे आणि त्यावरून निदान करायचे. समुद्रातल्या माशांत, कोळंबीत, खेकड्यात, शिंपल्यांत आयोडीन असतं. म्हणून तुमचे डॉक्टर चुकीचं सांगत नाहीयेत. पण कायमचं बंद, असं बहुधा कुणीच सांगत नाही. पथ्य मुरलं, नवे फोड थांबले की बहुतेकांना मासे सोसतात. मला सोसतात. पहिल्या वर्षी कोळंबी आणि खेकडे ठेवले बाजूला, बांगडा कमी केला, खाडीचं, नदीचं जे मिळेल ते खाल्लं. आता सगळं खाते.

मिठाबद्दल मात्र स्वतःच्या मनाने काही करू नका. आयोडीन थायरॉइडला लागतं, आणि डीएच असलेल्यांमध्ये थायरॉइडचे स्वयंप्रतिकार आजार इतरांपेक्षा जास्त आढळतात. मीठ बदलायचं तर किती काळासाठी ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांचं मीठ अजिबात बदलायचं नाही, तुमच्यासाठी वेगळी बरणी ठेवा.

बांगडो_तिखलो

आता ध्यानात इला. जून-जुलैत होडये बंद असतत, ताजी मासळी नसता, तेव्हा माका वायच बरा वाटा. नारळी पुनवेनंतर परत सुरू. माका वाटा पावसाचा गुण आसा. पण गहू पण बंद करूक व्हयो ह्या माका कोणी सांगल्यानच नाय. मी मासे सोडलय आणि सकाळ-संध्याकाळ चपाती खातंय.

पेजभात

म्हणजे उलटंच चाललंय. आधी गहू. मासे त्यामानाने फार पुढची गोष्ट. पुढच्या भेटीत डॉक्टरांना टीटीजी आणि बायोप्सीचं थेट विचारा. आणि तोवर चपाती चालू ठेवा, वर खाडीकाठ यांना लिहिलंय त्याच कारणासाठी.

कातळसडा

सगळं वाचलं. पण मूळ कारण रक्त अशुद्ध होणं हे आहे. मंजिष्ठा, सारिवा यांचा काढा सहा महिने घ्या. आणि गहू सोडायची गरज नाही, संकरित गव्हाने हे सगळं होतं. आपला खपली गहू खा, त्याने कुणाला काही होत नाही. सातूचं पीठही उत्तम.

पेजभात

कातळसडा, तुमचा हेतू चांगला आहे म्हणूनच स्पष्ट लिहिते. खपली गव्हात ग्लुटेन असतं. जुना वाण आहे, पचायला हलका वाटतो म्हणणारे आहेत, ते असो, पण सीलिॲक किंवा डीएच असलेल्या माणसाला तो साध्या गव्हाइतकाच वर्ज्य. सातू म्हणजे जव, आणि सातूच्या पिठात गहूही घालतात. रवा, मैदा, दलिया, शेवया, सोजी ही सगळी गव्हाचीच रूपं. इथे वाचून कुणी घरात खपलीच्या पोळ्या सुरू केल्या तर त्यांचे फोड वाढतील, आणि ते म्हणतील पथ्य पाळूनही गुण नाही.

काढ्याबद्दल भांडत नाही. कुणाला घ्यायचा असेल तर आपल्या डॉक्टरांना सांगून घ्यावा, विशेषतः डॅप्सोन चालू असताना. पण काढा घेऊन पोळी चालू, हे नको. हा आजार नुसता त्वचेचा असता तर माझा इतका आग्रह नसता. गहू चालू राहिला तर आतडं आतून खराब होत राहतं, लोह आणि कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, हाडं ठिसूळ होतात, आणि आतड्याच्या लिम्फोमाचा, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरचा, धोका वाढतो. काटेकोर पथ्याने तो धोका उतरतो. खाज गोळीने दाबता येते, बाकीचं नाही.

सुपारीबाग

आमची घरगुती खानावळ आहे, दोन खोल्या पर्यटकांना देतो. मागच्या हंगामात एक बाई आल्या होत्या, त्यांना गहू चालत नव्हता. मी म्हटलं काळजी नको, भात-मासे देते. सुरमई तळून दिली. त्यांनी एक तुकडा तोडला आणि विचारलं, वर काय लावलंय? रवा! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की रवा म्हणजे गहू. बिचाऱ्या नुसत्या सोलकढी-भातावर जेवल्या. आता असे पाहुणे आले तर काय काय बघायचं ते सांगाल का?

पेजभात

सुपारीबाग, तुम्ही विचारताय हेच केवढं आहे. रव्याऐवजी तांदळाचं पीठ लावा, तेही गिरणीतलं नको, पाकिटातलं घ्या किंवा घरी मिक्सरवर करा. ज्या तेलात आधी रवा लावलेले बोंबील किंवा पुऱ्या तळल्या आहेत ते तेल नको, ताजं तेल घ्या. तवा वेगळा ठेवा. लोखंडी तव्यावर चपातीचं पीठ जळून बसलेलं असतं ते घासून पूर्ण जात नाही. लाकडी पोळपाट आणि उलथनंही तसंच. फोडणीत हिंग घालू नका, लसूण घाला. सोलकढीला हिंगाची फोडणी देत असाल तर तीही राहू दे. आणि कणीक मळलेल्या हाताने भाकरी थापायची नाही.

सुपारीबाग

तांदळाच्या पिठात थोडे तांदूळ भरड वाटून मिसळले आणि मासा दहा मिनिटं तसाच ठेवून मग तळला तर रव्यासारखाच कुरकुरीत होतो. आज करून बघितला. घरच्यांनी तर हाच चांगला म्हणून सांगितलं. एक तवा बाजूला काढून त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधून ठेवलाय.

आजोळ_हर्णै

मला खाण्यापेक्षा माणसं जड जातात. आमच्याकडे वर्षातून दोनदा सत्यनारायण. प्रसाद म्हणजे सव्वाच्या मापाने रव्याचा शिरा. मी घेत नाही म्हटलं की सासूबाईंचा चेहरा पडतो. त्या वाईट नाहीत हो, मनापासून भ्यायलेल्या असतात, प्रसाद नाकारला तर काही होईल म्हणून. 'एवढासा घे, देवाचं आहे, देवाचं बाधत नाही.' आणि मी तो एवढासा घेतला की चौथ्या दिवशी कोपरं पेटतात. मग गोळीचा डोस वाढतो. लग्नात, बारशाला, सगळीकडे हेच.

पेजभात

आजोळ, हे मी शब्दन् शब्द जगले आहे. तुम्ही प्रसाद नाकारत नाही आहात, शिरा नाकारत आहात. पंचामृत प्रसादच आहे, केळं प्रसादच आहे. पूजेला बसण्याआधीच भटजींना बाजूला घेऊन सांगा आणि त्यांच्या तोंडून सासूबाईंना सांगू द्या. आमच्याकडे गुरुजी स्वतः म्हणाले, 'वहिनी, नैवेद्याला तांदळाच्या रव्याचा करा, काही अडत नाही.' तेव्हापासून आमच्या घरचा प्रसाद तांदळाच्या रव्याचाच होतो, तूप-साखर तेवढंच, सगळ्यांनाच. खांडवीही करतो कधी. गणपतीत उकडीचे मोदक असतातच. तळणीचे मोदक आणि करंज्या मात्र रवा-मैद्याच्या, त्यांना हात लावत नाही. नारळीभात खाते.

आणि 'एवढासा' याबद्दल घरच्यांना एकदा डॉक्टरांच्या समोर बसवा. माझ्या सासूबाई एकदा बरोबर आल्या, डॉक्टरांनी पडद्यावर बायोप्सीचा तो चमकणारा फोटो दाखवला, तेव्हापासून माझ्या ताटावर त्यांचीच नजर असते. पंक्तीत कुणी पुरी वाढायला आलं की त्याच आधी हात आडवा धरतात.

आजोळ_हर्णै

तांदळाच्या रव्याचं सुचलंच नव्हतं. येत्या पौर्णिमेला करते. मुलांचं विचारायचं राहिलं. दोन आहेत, त्यांची तपासणी करायची का? त्यांना काही होत नाही.

नमुना_क्रमांक

करून घ्या. सख्ख्या नात्यात, म्हणजे आई-वडील, भावंडं, मुलं, यांच्यात सीलिॲक असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते आणि पुष्कळदा लक्षण काहीच नसतं. टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए पुरे, साधी रक्ताची तपासणी आहे. मुलांचं गहू खाणं चालू असताना करा. आज नॉर्मल आली म्हणजे कायमची निश्चिंती नाही, पुढे वजन वाढेना, हिमोग्लोबिन चढेना किंवा फोड दिसले तर परत. डीक्यू२, डीक्यू८ ही जनुकं आहेत का ते बघणारीही एक तपासणी असते. ती दोन्ही नसतील तर आजार होण्याची शक्यता जवळजवळ नाही. असतील तर मात्र आजार होईलच असं नाही, ती पुष्कळ निरोगी लोकांत असतात.

खाडीकाठ

ताई, नमुना_क्रमांक दादा, तारीख मिळाली. कोल्हापूरला जायचंय. डॉक्टरांना फोनवर विचारलं, ते म्हणाले मिशेलचं द्रावण त्यांच्याकडे आहे आणि दोन तुकडे घेतात. मिस्टरांची पोळी परत सुरू केली आहे, खाज वाढली आहे पण आता कारण माहीत आहे म्हणून ते धीराने घेतायत. रात्री कोपरांवर गार पाण्याची घडी ठेवते. घरात कुळीथ, नाचणी आणून ठेवलेत. ते लगेच त्या दिवसापासून गहू बंद करू शकतात का?

पेजभात

रक्त आणि दोन्ही तुकडे घेऊन झाले की डॉक्टरांना तिथेच विचारा, पोटाची दुर्बिणीतून तपासणी करायची आहे का. बायोप्सीत डीएच पक्कं झालं तर पुष्कळदा दुर्बीण लागत नाही, पण करायची असेल तर तीही गहू चालू असतानाच व्हायला हवी. नको म्हणाले तर त्या रात्रीपासून बंद. जी६पीडीचं रक्तही त्याच दिवशी देऊन या म्हणजे गोळीसाठी परत घाट चढायला नको. परतीच्या वाटेवर हॉटेलात जेवण्यापेक्षा घरून घावणे आणि सुकी चटणी न्या. आणि नाचणी-कुळीथ दळायला टाकण्याआधी गिरणवाल्या काकांशी बोला. सकाळी गिरण सुरू होताना पहिलं दळण तुमचं घ्यायला सांगा, आधी दोन-तीन भांडी तांदूळ घालून गिरण धुवून घ्या, ते पीठ बाकीच्या घराला वापरा, पिशवी स्वतःची न्या. घरघंटी होईपर्यंत एवढं तरी करता येईल.